खिंडीवर हक्क कोणाचा?



आषाढीहून परतल्यावर दिंडीतले कोणीतरी विषय काढते, ‘एवढे चालतो आपण, एकदा हिमालयातही चालून येऊ.’ मग कोणाचा तरी मुलगा मोबाईलवर फोटो दाखवतो, मनालीजवळची हम्पता खिंड पसंत पडते, सात-आठ नावे निघतात आणि आगाऊ रक्कम भरायची तारीखही ठरते. तुमच्याकडे अशी बोलणी चालली असतील, तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. जाऊ नका असे सांगायला मी बसलेलो नाही. कोणते बूट घ्यावेत हे सांगणारेही पुष्कळ भेटतील. मला विचारायचे आहे ते वेगळे. पैसे भरले, रजा घेतली, तीन महिने सराव केला, एवढ्याने त्या खिंडीवर आपला हक्क लागतो का? आणि लागत नसेल, तर गाईड ‘आता मागे फिरा’ म्हणेल त्या घटकेसाठी आपण घरून कोणती तयारी करून निघावे?

आधी ती वाट नीट पाहू. पीर पंजाल रांगेतली ही खिंड कुलूचे खोरे आणि लाहौल यांच्या मध्ये आहे. उंची सुमारे ४,२७० मीटर. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. गाडीतून मनालीला उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्याच्या वर आलेले असता. मनालीहून गाडीने जोबऱ्यापर्यंत जायचे, तिथून चालत चिका हा पहिला मुक्काम, मग बालू का घेरा, साधारण ३,६०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून खिंड चढायची आणि पलीकडे शिया गोरूला उतरायचे. चौथ्या दिवशी छत्रू, तिथे गाडीरस्ता लागतो. बहुतेक मंडळी तिथून गाडीने चंद्रताल पाहून येतात. खिंडीच्या अलीकडे झाडे, गवत, झरे. पलीकडे उघडे करडे डोंगर, कारण पावसाचे ढग बहुतेक अलीकडेच रिकामे होतात. मेंढपाळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने मेंढ्या घेऊन लाहौलच्या कुरणांकडे जात आले आहेत. त्यांना ही वाट ‘मध्यम’ आहे की ‘अवघड’ हे कोणी विचारत नाही. ‘मध्यम’ हा शब्द शहरातून आलेल्यांसाठी आहे, आणि तो पायांविषयी बोलतो. श्वासाविषयी तो काही सांगत नाही.

वारकऱ्याची फसगत व्हायची तर इथेच व्हायची. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आपण चालतो, दिवे घाट चढतो, पावसात, चिखलात, कधी अनवाणी. पायांची चिंता आपल्याला नसते, आणि ते बळ खरे आहे. पण खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब इतका उतरतो की दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे चालण्याच्या ताकदीवरून सांगता येत नाही. पंचविशीतला पखवाजवादक डोके धरून बसतो आणि साठीच्या आजी मजेत पुढे जातात, असे घडू शकते. उलटही घडू शकते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अन्न नकोसे होणे, न ओसरणारा थकवा ही पहिली चिन्हे. ती दिसली की आणखी वर जायचे नाही. वाढली की खाली उतरायचे. न ऐकता पुढे गेले तर फुप्फुसात पाणी होते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग थोड्या तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. प्राणवायूचे सिलिंडर, औषधे ही मदतीला आहेत. खरा उपाय उतरणे हाच.

आता प्रश्न असा, की पहिली चिन्हे कोणाला कळतात? डोके ज्याचे दुखते त्यालाच. गाईड संध्याकाळी बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातला प्राणवायू पाहतो, डोळ्यांकडे पाहतो, जेवलात का विचारतो. पण ‘डोके दुखते का?’ याचे उत्तर त्याला तुमच्या तोंडूनच मिळायचे असते. आणि माणूस तिथे खोटे बोलतो. वाईट माणूस बोलतो असे नव्हे; चांगला, मनमिळाऊ, दुसऱ्यांची सहल आपल्यामुळे बिघडू नये म्हणून झटणारा माणूसच जास्त बोलतो. ‘काही नाही, जरा झोप कमी झाली.’ हे वाक्य भिडस्त माणसाच्या तोंडून जितके सहज निघते तितके हट्टी माणसाच्याही निघत नाही.

तुम्ही माउलींच्या सोहळ्यात चालला असाल तर तळावरची समाजआरती पाहिली असेल. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, चोपदार चोप उंचावतात आणि एका क्षणात एवढा जनसमुदाय शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. सगळीकडे शांतता आणि एका कोपऱ्यात टाळ चालू! तिला कोणी दटावत नाही. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मार्ग काढतात. मग आरती होते. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असावी, की गप्प बसलेले गाऱ्हाणे दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर सगळ्यांच्या पायांत येते. तक्रार करणे हा बेशिस्तपणा नाही. त्या सोहळ्यात तोच शिस्तीचा भाग आहे.

बालू का घेऱ्याची संध्याकाळ ही त्या प्रवासातली समाजआरती समजा. तिथून पुढचा दिवस आठ-दहा तासांचा असतो, आणि खिंड ओलांडून पलीकडे उतरले की मागे फिरायची वाट पुन्हा त्याच खिंडीवरून असते. म्हणून फिरायचे ते इथून. ज्याचे डोके दुखते आहे त्याने त्या संध्याकाळी टाळ थांबवू नये.

तुम्ही म्हणाल, हे तर वारकऱ्याच्या वृत्तीच्या उलट झाले. वारी चुकवायची नाही हे आपले ब्रीद. ताप असला तरी चालतो, पायाला फोड आले तरी चालतो. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याला आपल्याकडे कोणी मोठे म्हणत नाही. निष्ठा इथे गुण आणि डोंगरात दोष, हे कसे?

शंका रास्त आहे आणि तिला झटकून चालणार नाही. पण तुमच्या निष्ठेचा भार कोण उचलतो ते पाहा. वारीत तुम्ही कोसळलात तर हाकेच्या अंतरावर गाव असते, रुग्णवाहिका असते, पाणी घेऊन धावणारे दहा अनोळखी हात असतात. (तरीही छातीतली कळ लपवू नये, पण तो वेगळा विषय.) खिंडीखालच्या हिमावर तुम्ही कोसळलात तर तुम्हाला उचलणारी दोन-चार पोरे असतात. तीही त्याच विरळ हवेत, त्याच पाठीवर. बहुतेक तिथल्याच गावांतली. सप्टेंबरात गेलात तर कुलूच्या खोऱ्यात सफरचंदाची तोडणी चालू असते. त्यांतला एखादा घरची बाग भावावर सोपवून तुमची पडशी वाहायला आलेला असेल. तुमची निष्ठा त्याच्या गुडघ्यांवर चालली असेल, तर तिला निष्ठा म्हणायचे का? मी म्हणणार नाही. नवस आपला आणि फेडणार दुसरा, असा नवस कोणत्या देवाला चालतो?

पुन्हा एक साधा हिशेब असतो. समजा तुम्ही आठ जण, सोबत एक गाईड आणि दोन मदतनीस. एक जण आजारी पडला, त्याच्याबरोबर एक मदतनीस खाली जातो. दुसरा आजारी पडला, दुसरा मदतनीस जातो. आता उरलेल्या सहांबरोबर एकच माणूस, आणि पुढे बर्फाचा उतार. शहाणा गाईड इथे सगळ्यांना फिरवतो. म्हणजे लपवलेली डोकेदुखी ही एकट्याची गोष्ट राहत नाही. ती सगळ्यांच्या शिलकीतून खर्च होत असते. पहिल्याच संध्याकाळी सांगितले असते तर कदाचित चिकालाच एक दिवस जास्त थांबून आठही जण वर गेले असते.

याच्याही खाली एक गोष्ट आहे. आपण डोंगराला चटकन देव करतो. हिमालय म्हणजे देवभूमी, तिथे जाणे म्हणजे तीर्थयात्रा, खिंड म्हणजे दर्शन. मला हे थोडे सावधपणे घ्यावेसे वाटते. नामदेवरायांची तीर्थावळी आठवा. ज्ञानोबारायांबरोबर तीर्थांना निघायचे तर पांडुरंगाला सोडून जाणे त्यांच्या जिवावर आले होते. पुढे ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात गेली. तुमची गाडी मनालीकडे जाताना त्याच पंजाबातून जाईल, जमले तर घुमानला माथा टेकून पुढे जा. पण तीर्थ पाहिले नाही म्हणून त्यांचे काही अडले नव्हते. वारकऱ्याला हिमालयाची गरज नाही. आपण जातो ते हौसेने, आणि हौस वाईट नसते. देवाने डोळे दिले आहेत, पाहावे. फक्त हौसेला व्रताचे सोवळे नेसवू नये. एकदा तिला व्रत म्हटले की मागे फिरणे पाप वाटू लागते, आणि गाईडचा शब्द ऐकूनही ऐकू येत नाही. विटेवरचा परमात्मा भक्तासाठी उभा आहे, अशी आपली भावना आहे. खिंड कोणासाठीही उभी नाही. ती तिथे आहे, इतकेच. तिच्या मनात तुमच्याविषयी काही नाही, राग नाही की कृपा नाही.

२०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या एका गटाला हिमवादळाने गाठले आणि नऊ जण गेले. त्यांनी पुण्य कमी केले होते म्हणून नव्हे. २०२३ च्या जुलैत हिमाचलात अतिवृष्टी झाली तेव्हा चंद्रतालला अडीचशेहून अधिक माणसे दिवसचे दिवस अडकून पडली होती. रस्ता बर्फाने आणि दरडींनी बंद झाला होता. हवामानाला तुमच्या रजेची तारीख ठाऊक नसते.

मग मागे फिरलेल्याचे काय? ‘खिंड नाही पाहिली तर काय झाले, वाट तर पाहिली’ असे त्याला सांगू नका. ते खरे नाही आणि त्याला ते कळते. पंढरीला जाऊनही गर्दीमुळे ज्यांना रांगेत उभे राहता येत नाही ते नामदेव पायरीशी माथा टेकवतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परततात. वारी रुजू झाली अशीच आपली श्रद्धा आहे. तरीही कळस पाहून परतणाऱ्या म्हाताऱ्यांचे डोळे मी पाहिले आहेत. त्यांत समाधान असते आणि चुटपुटही असते. एकाने दुसरे पुसले जात नाही. आपल्या संप्रदायाने त्या चुटपुटीला जागा ठेवली, तिला अपयश म्हटले नाही. बालू का घेऱ्याहून परतणाऱ्याला तेवढीच जागा द्या. त्याच्याजवळ बसा, चहा द्या. समजूत घालायची घाई नको.

आता तयारीचे. मन घरीच बनते, म्हणून हे सारे घरीच बोलायचे.

तारीख पंचांग समोर ठेवून ठरवा. या खिंडीचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि त्याच दिवसांत आपली आषाढी. वारी सोडून कोणी जाणार नाही हे धरून चालतो. गणपती उठल्यावरचे दिवस बरे. पाऊस ओसरू लागलेला असतो, वाटेतले ओढेही उन्हाळ्यातल्याइतके भरलेले नसतात. आणि खिंड चढायचा दिवस एकादशीला येऊ देऊ नका. आलाच तर? हा प्रश्न मला एका माळकरी बाईंनी विचारला होता आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझे मत असे, की ४,००० मीटरवर निरंकार उपवास करून चालणे म्हणजे आपल्या व्रताचे ओझे पुन्हा त्या मदतनिसाच्या पाठीवर ठेवणे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, खजूर, उकडलेले बटाटे पोटभर खावेत, पाणी भरपूर प्यावे. तेवढ्यावर चालवणार नसेल तर तारीख बदलावी. तारीख बदलता येते म्हणून तर ती आधी पाहायची. माळकऱ्यांनी कांदा-लसणाचे, अंड्याचेही आधीच सांगून ठेवावे. तिथे स्वयंपाकाचा तंबू एकच असतो, आणि ऐन वेळी भांडी वेगळी मागणे हा त्या आचाऱ्याचा छळ आहे.

मनालीत एक दिवस जास्त राहा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकीय जाणकार सांगतात. स्वस्तातल्या सहलीत पहिल्यांदा कापला जातो तो हाच जास्तीचा दिवस. दोन संस्थांच्या दरांत फरक दिसला तर तो कुठून आला ते पाहा; पुष्कळदा तो या दिवसातून आणि पोरांच्या मजुरीतून आलेला असतो. विचारायला संकोच करू नका. गाईडने गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का? या हंगामात तो ही वाट चालला आहे का? प्राणवायूचे सिलिंडर बरोबर आहे का? खाली न्यायची वेळ आली तर कसे नेणार? मदतनिसांचा विमा आहे का, त्यांना झोपायला कोरडा तंबू आणि नीट पांघरूण मिळते का? शेवटचा प्रश्न विचारला की पलीकडे जरा शांतता पसरते. त्या शांततेवरून पुष्कळ कळते. शंका काढायच्या त्या इथे, पैसे भरण्यापूर्वी, हव्या तितक्या. ज्याचे शिक्षण, अनुभव, व्यवस्था पारखून घेतली त्याच्याशी बर्फावर वाद घालायचा नाही. न पारखता मान डोलावणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. आणि पारखल्यावरही ऐन घटकेला न ऐकणे हा नुसता अहंकार.

सराव करा तो चढापेक्षा उताराचा. पाठीवर सहा-सात किलो घेऊन आठवड्यातून दोनदा सिंहगड किंवा जवळची टेकडी, तीन महिने. शिया गोरूकडचा उतार गुडघे मागतो. रक्तदाब, मधुमेह, हृदय यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना नुसते ‘हिमालयात जातो’ म्हणू नका, उंचीचा आकडा सांगा. उंचीवर घ्यायच्या गोळ्यांचेही त्यांनाच विचारा, शेजाऱ्याने नेल्या होत्या म्हणून नव्हे.

आणि एक बोलणे अवघड आहे, ते टाळू नका. नवरा-बायको दोघे जात असाल तर ठरवा: एकाला फिरावे लागले तर दुसरा काय करणार? ‘तू जा, मी खाली थांबते’ हे वाक्य बायकोच्या तोंडून फार लवकर येते आणि नवऱ्याच्या कानाला फार लवकर पटते. ते खिंडीखाली, दमलेल्या अवस्थेत, चौघांसमोर ठरवायचे वाक्य नाही. घरी, पोटभर जेवल्यावर, खरे काय ते एकमेकांना विचारा. दोघे फिरणार असाल तर तसे, एकटा पुढे जाणार असेल तर तसे. पण दोघांनाही ते आधी ठाऊक असावे. भावांनी, मैत्रिणींनी, सासू-सुनांनीही हेच करावे.

आगाऊ रक्कम भरण्याच्या आदल्या दिवशी देवळात हरिपाठ झाला की जाणाऱ्या सगळ्यांनी थोडे मागे बसा. प्रत्येकाने आपले वय, आजार, चालू गोळ्या, पूर्वी कधी दम लागला होता का, हे सर्वांसमोर मोठ्याने सांगावे. लाज वाटेल, वाटू द्या. मग एक कागद घ्या. त्यावर ही सारी माहिती लिहा, घरच्यांचे फोन लिहा, आणि खाली एवढेच लिहा की आम्हांपैकी कोणालाही, केव्हाही, कारण न देता मागे पाठवायचा अधिकार आम्ही गाईडला दिला आहे. सगळ्यांनी सह्या करा. जोबऱ्याला चालायला सुरुवात करण्यापूर्वी तो कागद त्याच्या हाती द्यायचा आहे, म्हणून हिंदीत लिहा, आणि अक्षर ज्याचे चांगले आहे त्याच्याकडून लिहून घ्या.